शेवटचा रकाना

कंपनी लिफ्ट बनवते.
आमच्या वाडीत दुमजली घर एकच, कोयंड्यांचं,
आणि वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही,
फाटकी जाळी असतात.
तरी तिकडच्या थंड शहरात, लांब टेबलाभोवती
पाच वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणालं असेल:
किनारे. बायका. उपजीविका.
आणि नकाशावरचं बोट सरकत सरकत
आचऱ्याच्या खाडीपाशी थांबलं.

पैसा निघाला.
दिल्लीच्या खात्यात उतरला, पुण्याच्या संस्थेत टेकला,
कुडाळच्या ऑफिसात चहा प्याला.
आगरातल्या पाटाचं असंच असतं,
पहिल्या माडाचं आळं भरल्याशिवाय
पुढच्या पोफळीला पाणी नाही.
आमच्यापर्यंत आली ती नुसती ओल.
पण ओल होती, खोटं कशाला बोलू?
तेवढ्यात बांबूचे तराफे झाले,
कालवांचे दोर लटकले,
निळ्या स्टिकरचा एक फ्रीझर आला,
आणि मी.

माझं पद क्षेत्र समन्वयक.
माझं काम, सुगंधा कुबलचं बोलणं
रकान्यात मावेल इतकं कापणं.
ती म्हणायची, "औंदा पाणी गोडा झाला, बियाणा मेला."
मी लिहायचे: हवामानबदल, जोखीम मध्यम.
ती म्हणायची, "घोव इचारता, पैशे खंय ठेवलंस?"
मी लिहायचे: निर्णयक्षमतेत वाढ, एकोणतीस टक्के.
एकोणतीस कुठून आले ते विचारू नका.
पूर्ण तीस लिहिले असते तर संशय आला असता.

तिसऱ्या वर्षी तिकडचा विषय बदलला. आता कांदळवन.
तेच तराफे, तीच खाडी, त्याच आम्ही,
फक्त फोटो काढताना जरा डावीकडे सरकलो,
मागे तिवरं यावीत म्हणून.

हेनिंग साहेब आला तो त्याच वर्षी.
माणूस बरा. गुडघाभर चिखलात उतरला,
कालव कच्चंच खाल्लं,
आणि जैबून मुजावरला विचारलं, काय हवं?
"जेटीवर एक बल्ब."
त्याने लिहून घेतलं. मग पेन थांबलं.
बल्ब पायाभूत सुविधांत मोडतो,
आणि पायाभूत सुविधा त्यांनी केव्हाच सोडल्या होत्या.
जाताना स्वतःच्या डोक्यावरचा टॉर्च काढून
तिच्या हातात दिला.
त्याची नोंद कुठल्या खात्यात करायची,
मला अजून कळलेलं नाही.

या जानेवारीत मेल आली. बोट पुन्हा सरकलंय.
दूरच्या कुठल्या देशात, तिथेही खाडी,
तिथेही बायका, तिथेही कालवं.
कारण दिलंय: आम्ही यशस्वी झालो.
म्हणजे आमचा जिल्हा
आता पुरेसा मागास उरलेला नाही.

शेडमध्ये बैठक घेतली. वाटलं, चिडतील.
सुगंधा तिसऱ्यांचं टोपलं निवडत म्हणाली,
"त्या बायकांका कोण सांगतलो?"
काय?
"सगळा."

अहवालात शेवटचा रकाना असतो,
शिकलेले धडे, मर्यादा दोनशे शब्द.
त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले:

फ्रीझरचो मीटर आपल्या नावार करून घेवा.
काथ्याचो दोर सा म्हयन्यात कुसता.
फोटोक हसा, पण हिशोबाची वही आपल्या घरात ठेवा.
बल्ब आधी मागा, विषय बदलूच्या आधी.
साहेब बरो असलो तरी
साहेबाकय साहेब असता.

इंग्रजी केलं. पहिल्यांदाच काही कापलं नाही.
दोनशे सदतीस शब्द भरले.
फॉर्मने दोनशेवर तोडलं,
नेमकं बल्बापाशी.

आज ओहोटी रात्री दोनला.
जैबून निघाली, डोक्याला हेनिंगचा टॉर्च.
तराफ्यांकडे जाणारा एवढासा उजेड
मध्येच मिणमिणतो. सेल संपत आलेत.
सेल आचऱ्याच्या बाजारात मिळतात.